मारुतीच्या कमरेचं पाणी आणि समुद्राची सपाटी

नाशिकरोड स्टेशनवर सकाळी पंचवटी एक्सप्रेसची वाट पाहत उभे होतो. सोबत भाचा. सुट्टीला आलेला, वय बारा, डोळ्यांना दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय. त्याने फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी वाचली, खाली बारीक अक्षरांत लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची वाचली आणि विचारलं, "मामा, हा समुद्र कुठला? आणि कधीचा? भरतीचा की ओहोटीचा?"

मी म्हणालो, "सरासरी समुद्र."

"कोणी काढली सरासरी?"

तेवढ्यात गाडी आली म्हणून मी सुटलो. पण प्रश्न डब्यात चढला तो इगतपुरीपर्यंत उतरला नाही. मग कसाऱ्याचा घाट उतरताना ठरवलं, की याचं उत्तर नीट द्यायचं. ते देताना मलाच बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या, त्या इथे मांडतो.

पहिली अडचण आपल्या शब्दातच आहे. आपण 'समुद्रसपाटी' म्हणतो, आणि समुद्र सपाट नाही. लाटा, भरती-ओहोटी सगळं शांत केलं, वारा थांबवला, तरी तो सपाट होणार नाही. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. जिथे ते जास्त, तिथे गुरुत्वाकर्षण जास्त आणि पाणी तिथे ओढलं जातं. जिथे कमी, तिथे पाण्याला खोलगा पडतो. जगातला सगळ्यात मोठा असा खोलगा आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. पृथ्वीचा गुळगुळीत गणिती आकार धरला, तर तिथलं पाणी त्याच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे. त्यावरून जाणाऱ्या जहाजाला उतार लागत नाही, कारण 'खाली' कशाला म्हणायचं तेही तिथलं गुरुत्वाकर्षणच ठरवतं.

तेव्हा मोजायचं काय आणि कशापासून, हा प्रश्न समुद्राच्या बाबतीत वाटतो तितका साधा नाही. मात्र नाशिककराला तो समजायला सोपा जावा. पाण्याची उंची मोजायचं एक जुनं साधन आपल्या गावात भर घाटावर उभं आहे: दुतोंड्या मारुतीची दगडी मूर्ती.

गंगेला पूर आला की आपण क्युसेकचे आकडे ऐकतो खरे. गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला, होळकर पुलाखालून किती चाललाय. (गोदावरीला गंगा म्हणणं हे बाहेरच्यांना समजावत बसू नये.) पण घरातलं माणूस घाटावरून आलं की पहिला प्रश्न वेगळाच असतो: "दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर अशाच भाषेत लक्षात राहिले आहेत. पाणी नारोशंकराच्या देवळाच्या घंटेकडे सरकायला लागलं की सराफ बाजारातल्या लोकांनी माल वर हलवलेला असतो.

दुतोंड्या मारुती म्हणजे पातळीमापक. दगड हलत नाही, पाणी हलतं, आणि दगडाच्या अंगावरच्या खुणेवरून पाण्याची उंची कळते. बंदरांमधले भरतीमापक याच तत्त्वावर चालतात. धक्क्यालगत एक उभी नळी किंवा विहीर बांधायची, तिला तळाशी लहान भोक ठेवायचं. भोक लहान असल्यामुळे लाटांची खळबळ आत पोचत नाही, मात्र भरती-ओहोटीचं सावकाश चढणं-उतरणं पोचतं. आत तरंगता डबा, त्याला तार, तारेला लेखणी, आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा कागदाचा रूळ. लेखणी रात्रंदिवस रेघ काढत राहते. आता डब्याच्या जागी रडार किंवा दाब मोजणारी उपकरणं आली आहेत, रेघेच्या जागी आकडे आले आहेत. तत्त्व तेच आहे.

मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासूनच्या अशा नोंदी आहेत. सगळ्या हिंदी महासागरात इतकी लांब नोंद असलेल्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जगात याहून जुन्याही आहेत. ॲमस्टरडॅमच्या नोंदी १७०० पासूनच्या, स्टॉकहोमच्या १७७४ पासूनच्या.

आता भाच्याचा प्रश्न: सरासरी कोणी काढली? भारतीय सर्वेक्षण विभागाने. १९०९ साली पूर्ण झालेल्या मोजणीत नऊ बंदरांचे भरतीमापक धरले होते: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशातलं फॉल्स पॉइंट. या नऊ ठिकाणची सरासरी पातळी म्हणजे शून्य, असं ठरवलं. तिथून दुर्बिणी आणि मोजपट्ट्या घेऊन माणसं पायी देशभर चालली, थोड्या थोड्या अंतरावर उंचीतला फरक मोजत, दगडांवर खुणा कोरत. आपल्या स्टेशनच्या पाटीवरचा आकडा अशा मोजणीतून घाट चढून आला आहे. ज्या नऊ शून्यांवर तो उभा आहे, त्यातलं एक आज दुसऱ्या देशात आहे.

यात एक चलाखी होती. नऊ बंदरांचं समुद्राचं पाणी एकाच उंचीवर आहे, असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात ते नसतं. वारा, पाण्याचं तापमान, खारटपणा, प्रवाह यांमुळे एका किनाऱ्याचं पाणी दुसऱ्यापेक्षा काही सेंटिमीटर वर किंवा खाली असू शकतं. १९०९ मध्ये तेवढं सोडून देणं चालण्यासारखं होतं. पूल आणि कालवे बांधायला ते पुरेसं होतं. समुद्र वर्षाला काही मिलिमीटर चढतोय का, हे विचारायचं असेल तर मात्र नाही.

सरासरी तरी किती दिवसांची घ्यायची? मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे कोळीवाड्यातल्या पोरांनाही माहीत असतं. म्हणजे महिन्याची सरासरी हवी. पण ऋतूंप्रमाणे पातळी बदलते, म्हणजे वर्षाची हवी. आणि चंद्राच्या कक्षेचा कल १८.६ वर्षांच्या चक्रात बदलतो, म्हणून चांगली सरासरी हवी असेल तर साधारण एकोणीस वर्षं थांबायचं. दोन मजले चढउतार करणाऱ्या पाण्यात वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढी वाढ शोधायची आहे. ती सापडते ती केवळ चिकाटीने.

जाता जाता एक गैरसमज. पावसाळ्यात टीव्हीवर सांगतात, "आज मुंबईत ४.८ मीटरची भरती." ती सरासरी समुद्रापासून ४.८ मीटर नव्हे. नौकानयनाच्या नकाशांचं शून्य मुद्दाम ओहोटीच्या तळाजवळ ठेवलेलं असतं, जहाजाच्या कप्तानाला कमीत कमी पाणी किती मिळेल ते कळावं म्हणून. मुंबईत सरासरी समुद्र त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. तेव्हा ती भरती सरासरीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटर वर असते. आकडा बरोबर आहे, फक्त त्याचं शून्य आपल्या स्टेशनच्या पाटीच्या शून्याहून वेगळं आहे.

पुन्हा मारुतीकडे. समजा, मारुतीखालची जमीनच दरवर्षी थोडी खचत असेल तर? पाणी तेवढंच राहील, पण दरवर्षी ते मारुतीच्या अंगावर थोडं वर लागेल, आणि आपण म्हणू गंगा वाढली. भरतीमापकाचं हेच दुखणं आहे. तो पाणी आणि जमीन यांच्यातला फरक सांगतो, दोघांपैकी कोण हललं ते सांगत नाही. कोलकात्याच्या खाली डायमंड हार्बरला पातळी झपाट्याने वाढताना दिसते, त्यात मोठा वाटा गाळाची जमीन खचण्याचा आहे. उलट स्टॉकहोमला समुद्र शंभर वर्षांपूर्वीपेक्षा चक्क खाली आहे. हिमयुगात तिथे दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो दहा हजार वर्षांपूर्वी वितळला, आणि दाबलेली जमीन अजून वर येते आहे. गादीवरून माणूस उठल्यावर गादी फुगते, तसं. ही गादी मात्र हजारो वर्षं घेते. समुद्र चढतोय त्याहून वेगाने स्वीडन चढतोय.

म्हणून आता भरतीमापकाच्या शेजारी जीपीएसचं उपकरण बसवतात. मारुती खचतोय का, हे आकाशातून पाहायचं.

आकाशातून थेट समुद्रही पाहता येतो. १० ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिका आणि फ्रान्सने 'टोपेक्स-पोसायडन' नावाचा उपग्रह सोडला. १,३३६ किलोमीटर उंचीवरून तो समुद्रावर रडारचे ठोके सोडायचा, आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचा. वेळेवरून अंतर. उपग्रह स्वतः कुठे आहे ते माहीत असलं की वजाबाकी करून पाण्याची उंची. दहा दिवसांत जगाच्या समुद्रांवरून एक फेरी पुरी. त्याच्यामागून जेसन मालिकेतले तीन उपग्रह आले, २०२० मध्ये सेंटिनल-६ आला, आणि प्रत्येकाने आधीच्याच वाटेवरून चालत नोंद पुढे नेली. आपल्या इस्रोनेही फ्रान्सबरोबर 'सरल' हा असाच उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून सोडला.

ऐकायला सोपं वाटतं. पण १,३३६ किलोमीटरवरून तीनेक सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजायचं, म्हणजे साडेचार कोटींत एक इतकीच चूक परवडते. वाटेत हवेत बाष्प असेल तर रडारचा ठोका किंचित उशिरा पोचतो, आणि तेवढ्याने समुद्र काही सेंटिमीटर खाली असल्यासारखा दिसतो. म्हणून उपग्रहावर बाष्प मोजणारं वेगळं उपकरण असतं. लाटांमुळेही गोंधळ होतो, त्याचीही दुरुस्ती करावी लागते. एका मोजणीत तीन सेंटिमीटरची चूक असताना वर्षाला तीन-चार मिलिमीटरची वाढ कळते ती लाखो मोजण्यांची सरासरी काढल्यामुळे.

तरी सरासरीलाही एक गोष्ट जमत नाही. उपकरणच हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर ते तिला दिसत नाही. टोपेक्सच्या पहिल्या सहा वर्षांत तसंच झालं. उपकरण वाढ वर्षाला मिलिमीटर-दीड मिलिमीटरने जास्त दाखवत होतं. ते पकडलं कोणी? बंदरांवरच्या त्याच जुन्या भरतीमापकांनी. जमिनीवरच्या नोंदी आणि उपग्रहाच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा फट दिसली. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग फार आवडतो. अवकाशातल्या महागड्या यंत्राचा कान धक्क्यावरच्या नळीने धरला. आणि दुरुस्ती केल्यावर काय निघालं, तर सुरुवातीचा वेग कमी होता, म्हणजे पुढे तो जास्तच वाढला आहे. जागतिक हवामान संघटनेच्या आकड्यांप्रमाणे १९९३ ते २००२ या काळात समुद्र वर्षाला सरासरी २.१३ मिलिमीटर चढत होता, २०१४ ते २०२३ मध्ये ४.७७. दुपटीहून जास्त.

चार-पाच मिलिमीटर ऐकून कोणी घाबरत नाही. नाशिकमध्ये तर नाहीच. म्हणून हा हिशेब आपल्या भाषेत करतो. आपली भाषा म्हणजे दलघफू (दशलक्ष घनफूट), टीएमसी (अब्ज घनफूट) आणि जायकवाडी धरण. दुष्काळाच्या वर्षी गंगापूर-दारणेतून जायकवाडीला किती सोडायचं यावरून आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको.

जगातल्या समुद्रांचं क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर. त्यावर एक मिलिमीटरचा थर द्यायचा तर ३६१ घन किलोमीटर पाणी लागतं. जायकवाडी काठोकाठ भरलं तर त्यात साधारण १०२ टीएमसी, म्हणजे २.९ घन किलोमीटर पाणी मावतं. भागाकार करा: समुद्र एक मिलिमीटर चढवायला सुमारे १२५ जायकवाडी ओतावी लागतात. गंगापूर धरणाच्या हिशेबात सव्वादोन हजारांहून जास्त धरणं. एकट्या ग्रीनलंडचा बर्फ गेल्या वीसेक वर्षांत दरवर्षी सरासरी २७० अब्ज टन घटला आहे, म्हणजे वर्षाला नव्वदहून अधिक जायकवाडी.

हाच हिशेब उलटाही चालतो. माणसाने जगभर धरणं बांधून पाणी जमिनीवर अडवलं, ते साधारण १०,८०० घन किलोमीटर असल्याचा अंदाज आहे. तेवढ्याने समुद्र तीन सेंटिमीटर कमी चढला. त्यात गंगापूरचा वाटा आहे, दारणेचा आहे, जायकवाडीचाही आहे. दुसऱ्या बाजूने आपण बोअरमधून उपसलेलं भूजल आज ना उद्या समुद्रातच जातं, आणि ते पातळी वाढवतं. २००२ ते २००८ या सहा वर्षांत राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या पट्ट्यातून १०९ घन किलोमीटर भूजल गेलं. हे विहिरींना दोर सोडून मोजलं नव्हतं. जमिनीतलं पाणी कमी झालं की तिथलं गुरुत्वाकर्षण अगदी किंचित घटतं, ते 'ग्रेस' नावाच्या जुळ्या उपग्रहांनी टिपलं. एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून एकामागे एक धावणारे दोन उपग्रह. पुढचा जड भागावर आला की ओढला जातो, दोघांमधलं अंतर बदलतं, आणि ते अंतर केसाच्या जाडीहून बारीक मोजतात. शास्त्रज्ञांनी त्यांना टॉम आणि जेरी म्हणायला सुरुवात केली होती, आणि ते नाव शोभतंही.

ओतलेलं पाणी हे वाढीचं एक कारण. दुसरं कारण पाणी न ओतताच घडतं. ताप मोजायच्या काचेच्या जुन्या नळीत पारा वर चढतो, कारण तापलेला पारा फुगतो. समुद्रही फुगतो. हवेत साठलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकते, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्र पितो. हजार मीटर खोल कोमट पाणी एक अंशाने तापलं तर त्याची उंची पंधरा-वीस सेंटिमीटरने वाढते. ही उष्णता मोजायला समुद्रात चार हजारांच्या आसपास 'आर्गो' तरंगे सोडले आहेत. माणसाच्या उंचीच्या नळ्या, एकट्या भटकणाऱ्या. दर दहा दिवसांनी त्या दोन किलोमीटर खोल जाऊन तापमान आणि खारटपणा मोजत वर येतात, उपग्रहाला निरोप देतात आणि पुन्हा बुडी मारतात. हिंदी महासागरातल्या आपल्या तरंग्यांचा कारभार हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडे आहे.

१९७१ ते २०१८ या काळात जी वाढ झाली, तिच्यातली साधारण अर्धी या फुगण्याची. बावीसेक टक्के डोंगरांवरच्या हिमनद्यांची, वीसेक टक्के ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाची, उरलेली जमिनीवरच्या पाण्याच्या घट-वाढीची. उत्तर ध्रुवाजवळचा तरंगता बर्फ या यादीत नाही. उसाच्या रसाच्या ग्लासातला बर्फ वितळला म्हणून रस सांडत नाही, तसं.

आणि आता हिशेब जुळतो का ते पाहायचं. उपग्रहाने सांगितलेली एकूण वाढ एका बाजूला. आर्गोने सांगितलेलं फुगणं अधिक ग्रेसने सांगितलेलं वजन दुसऱ्या बाजूला. तिन्ही यंत्रं वेगळी, तत्त्वं वेगळी, चालवणारी माणसं वेगळी. तरी दोन्ही बाजू बऱ्यापैकी जुळतात. आपल्याकडे मार्च अखेरीस ताळेबंद जुळला की कारकून एक कप चहा जास्त घेतो. इथे तर सबंध महासागराचा ताळेबंद आहे. इतकं बारीक जमतं, की २०१०-११ मध्ये समुद्र अचानक सुमारे पाच मिलिमीटर खाली गेला तेव्हा पाणी कुठे गेलं तेही सापडलं. ला निनामुळे (प्रशांत महासागराचं वरचं पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याची स्थिती) ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेत अफाट पाऊस झाला होता, आणि ते पाणी काही महिने जमिनीवर अडकलं होतं. पुढे ते परत आलं.

इथपर्यंत सगळं 'जगाची सरासरी' या नावाखाली चाललं. पण सरासरी समुद्राच्या काठी कोणी राहत नाही. माणसं वसईत राहतात, रत्नागिरीत राहतात, काकीनाड्याला राहतात. प्रत्येकाचा समुद्र वेगळा चढतो.

याची कारणं बरीच आहेत. वारा पाणी एका बाजूला लोटतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, कारवारपासून कोचीपर्यंत, ऐन पावसाळ्यात समुद्राची सरासरी पातळी उलट खाली असते. मोसमी वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि खालचं थंड पाणी वर येतं. पण मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं ते ग्रीनलंडचं. तिथला बर्फाचा डोंगर इतका मोठा आहे, की तो आपल्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचं समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ वितळला की ती ओढ कमी होते, धरलेलं पाणी सुटतं आणि दूर पसरतं. म्हणून ग्रीनलंड वितळल्यावर ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर समुद्र खाली जातो. दोनेक हजार किलोमीटरच्या आत घटच, त्यापुढेही बऱ्याच अंतरापर्यंत वाढ सरासरीहून कमी. मग त्या पाण्याचा भार कोणावर? दूरच्यांवर. भारत ग्रीनलंडपासूनही दूर, अंटार्क्टिकापासूनही दूर. दोन्हीकडच्या वितळण्यात आपल्या वाट्याला सरासरीपेक्षा थोडं जास्तच येतं.

उत्तर हिंदी महासागरात १८७४ ते २००४ या काळात समुद्र वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर चढत होता. १९९३ ते २०१५ मध्ये तो वेग ३.३ झाला. पहिला आकडा मुंबईसारख्या भरतीमापकांच्या लांब नोंदींचा, दुसरा उपग्रहांच्या काळातला.

नाशिकचा यात संबंध काय, असं कोणी विचारेल. नाशिक बुडणार नाही. जगातला सगळा बर्फ वितळला, ज्याला कित्येक हजार वर्षं लागतील, तरी समुद्र साठ-सत्तर मीटर चढेल, आणि आपण पाचशे मीटरच्या वर बसलो आहोत. पण आपला कांदा आणि द्राक्षं न्हावा-शेव्याच्या बंदरातून जातात, आणि तो धक्का समुद्रसपाटीवरच आहे. दुसरा धागा त्याहून लांब आहे. ब्रह्मगिरीवर अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे तिने हजारो वर्षं गाळ टाकून आपला त्रिभुज प्रदेश उभा केला. भाताची कोठारं, नारळ, यानम, काकीनाडा. गाळाची जमीन स्वतःच्या वजनाने खचते हा तिचा स्वभाव, आणि नवा गाळ येत राहिला तर ती भरून निघते. पण वाटेत धरणं झाली. १९७० च्या दशकात नदी समुद्रापर्यंत जेवढा गाळ नेत होती, तो चालू शतकाच्या सुरुवातीला निम्म्याहून खाली आला. गंगापूरमध्ये गाळ साचला म्हणून आपण धरणाची क्षमता घटल्याची तक्रार करतो. तो गाळ खालच्या भातशेतीच्या पायाखालची जमीन आहे. तिथे समुद्र वर येतोय आणि मारुती खाली जातोय, दोन्ही एकदम. काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावाची घरं समुद्राने खाल्ली, त्यामागे किनाऱ्याची आणखीही कारणं आहेत, पण गाळ कमी पडणं हे त्यातलं एक.

मग पुढचं भाकीत कसं करतात?

भरतीचं भाकीत माणूस केव्हाच शिकला. सूर्य-चंद्र कुठे असणार हे पंचांगालाही कळतं. भारतातल्या बंदरांच्या भरतीची वेळापत्रकं काढायला १८७९ साली इंग्लंडमध्ये चाकं-कप्प्यांचं एक यंत्र बनवलं होतं. हँडल फिरवलं की वर्षभराच्या भरत्या कागदावर उमटायच्या. पण २१०० सालची सरासरी पातळी अशी हँडल फिरवून निघत नाही, कारण त्यात एक चाक माणसाच्या हातात आहे. किती कोळसा, तेल जाळणार? म्हणून शास्त्रज्ञ 'असं केलंत तर असं' या पद्धतीने सांगतात. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाच्या, २०२१ च्या अहवालात १९९५ ते २०१४ च्या सरासरीशी तुलना आहे. उत्सर्जन फार लवकर शून्यावर आणलं तर २१०० पर्यंत २८ ते ५५ सेंटिमीटर. भरमसाट वाढू दिलं तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर. २०५० पर्यंत मात्र कुठलाही मार्ग धरला तरी फारसा फरक नाही, १५ ते २९ सेंटिमीटर. समुद्र तापायला वेळ घेतो आणि निवायलाही. तव्याखालचा गॅस बंद केला तरी तवा भाकरी भाजत राहतो, आणि हा तवा शतकं गरम राहणारा आहे. तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी पुढच्या दोन हजार वर्षांत समुद्र दोन-तीन मीटर चढेल.

दुसरं अडलेलं चाक अंटार्क्टिकात आहे. पश्चिम अंटार्क्टिकातल्या काही हिमनद्या समुद्रसपाटीखालच्या खडकावर बसल्या आहेत, आणि त्या खडकाचा उतार आतल्या बाजूला आहे. कोमट पाणी खालून शिरलं की कडा मागे हटते, आणि जसजशी हटते तसतसा जास्त जाड बर्फ पाण्याच्या तोंडी येतो. थ्वेट्स ही त्यातली सगळ्यात चर्चेतली. ती एकटी पूर्ण गेली तर समुद्र साठ-पासष्ट सेंटिमीटर चढेल. हे किती वेगाने होईल यावर अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणून अहवालात वेगळी ओळ आहे: शक्यता कमी, पण २१०० पर्यंत दोन मीटर हे पूर्ण नाकारता येत नाही. बंदर बांधणाऱ्याने कुठली ओळ वाचायची? माझ्या मते ही. वाळूचं कुंपण घालणाऱ्याने पहिली वाचली तरी चालेल, अणुभट्टी बांधणाऱ्याने नाही.

आणि सेंटिमीटर ऐकून गाफील राहू नये. पुराचा अनुभव असलेल्या नाशिककराला हे लगेच पटेल. मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी असतं तेव्हा बाजार कोरडा असतो, वीतभर वर चढलं की पहिल्या दुकानाचा उंबरठा ओलांडतं. समुद्राची पायाभूत पातळी वीतभर वर गेली की तेच वादळ, तीच उधाणाची भरती आणखी आत शिरते. आयपीसीसीचा अंदाज असा, की पूर्वी शंभर वर्षांत एकदा यायची तशी पातळी या शतकाच्या अखेरीस जगातल्या अर्ध्याहून जास्त भरतीमापकांवर दरवर्षी दिसेल.

परतीच्या गाडीतून नाशिकरोडला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. भाच्याने पुन्हा त्याच पाटीपाशी थांबवलं. "मग आता समुद्र वर आला, तर आपली उंची कमी झाली ना? पाटी बदलायला नको?"

म्हणालो, पाटीचं शून्य १९०९ च्या दगडांवर बांधलेलं आहे, आजच्या समुद्रावर नाही. समुद्र चढला तरी पाटी तीच राहते. पण १९०१ ते २०१८ मध्ये जग धरून वीस सेंटिमीटर चढला, एवढं खरं.

"वीस म्हणजे किती?"

"वीतभर."

त्याने पाटीच्या खांबाला हात टेकवून बोटं ताणली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग काढून घेतला. "माझी लहान आहे मामा. तुझी लाव."

मी लावली.